पितळी तारांचा तोरा

सूर्यभान दांगडेला जगातल्या आवडणाऱ्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, आणि तरी एखादं बोट उरलंच असतं. न आवडणाऱ्यांना मात्र गणती नव्हती. त्याच्या गावच्या, काष्टीच्या बाजारातून कुणी बैल घेऊन निघाला की सूर्यभान एकदा बैलाकडे बघायचा, एकदा घेणाऱ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "जोडी जमली." कुठली जोडी, हे त्या माणसाला घरी पोचेपर्यंत उमगत नसे.

भजनी मंडळाने पेटी बाजूला सारून कीबोर्ड घेतला, तेव्हा त्याने मंडळाच्या पारावरून जाणं सोडलं. पुतण्याच्या लग्नात डीजे लावला, तर हा अक्षता टाकून थेट लिंबाच्या बागेत जाऊन बसला. जेवायला बोलवायला माणूस आला, त्याला म्हणाला, "आधी ते बंद करा. कानात माती गेल्यावर तोंडात घास जात न्हाई."

लोक त्याचं ऐकून घेत, कारण बोलण्याचा थोडाफार हक्क त्याच्यापाशी होता. तरुणपणी श्रीगोंद्याच्या 'झुळूक ऑर्केस्ट्रा'त तो गिटार वाजवायचा. जत्रा, गणपती, साखर कारखान्याचा मोळी टाकण्याचा समारंभ, जिथे बोलावणं येईल तिथे झुळूकचा टेम्पो जायचा. गावाकडच्या पोरांनी तोवर गिटार फक्त पडद्यावर पाहिलेली. सूर्यभानची गिटार तर त्यातही निराळी. तिचं पोट सपाट नव्हतं, व्हायोलिनसारखं वर फुगलेलं होतं. मधोमध गोल भोक नाही, दोन्ही अंगांना वेलांटीसारखी दोन भोकं. आणि तारांच्या खाली, गळ्यापाशी, बसवलेला, तारांचा आवाज वायरीतून स्पीकरकडे धाडणारा एक चपटा पिकअप. पुण्याच्या कॅम्पातल्या एका वादकाकडून त्याने ती घेतली होती. ती नुसत्या हातांनी वाजवली तर अंगण भरायचं, वायर जोडली तर जत्रा.

पुढे ऑर्केस्ट्रे बसले. झुळूकही बसली. सूर्यभान ऊस, लिंबं आणि दोन जर्सी गाईंकडे वळला. झुळूकमध्ये ऑर्गन वाजवणारा आसाराम मिरजगावचा. त्याने ऑर्गन विकून मोठाले स्पीकर घेतले आणि होता होता त्याचा ट्रकभर डीजे झाला. सूर्यभानने त्या दिवसापासून त्याला नावाने हाक मारली नाही. "काय खोकेवाले," एवढाच त्याचा रामराम. आसारामही हात वर करून पुढे जायचा.

तिसरी होती राजेश्वरी, झुळूकची गायिका. ज्या काळात शेतकऱ्याच्या पोरीने स्टेजवर उभं राहणं म्हणजे घराण्याचं नाक कापणं होतं, त्या काळात ती गायली. तिचे वडील सहादेव पहिल्या रांगेत मांडीवर काठी आडवी घेऊन बसत. शिट्टी वाजली की काठी उभी राही. पुढे ती डी.एड. करून मास्तरीण झाली आणि मिरजगावच्या शाळेतून आता निवृत्त होत होती. तिचा एके दिवशी फोन आला.

"सूर्यभानदादा, माझ्या सेवापूर्तीच्या कार्यक्रमाला यायचं. भाषणं होणारच, ती काही मला थांबवता येत नाहीत. पण शेवटी मला एक गाणं म्हणायचंय, आणि मोबाईलवरच्या तयार संगीतावर म्हणायचं नाही. तुमची गिटार हवी."

"मोबाईलवर गानारे गात न्हाईत ताई, जांभया देतात," सूर्यभान म्हणाला. "येतो मी. साउंड कोनाचा हाय?"

"आसारामदादांचा."

सूर्यभानने फोन कानापासून लांब धरला, जणू त्यातूनच डीजे वाजायला लागला होता. पण शब्द दिला तो दिला.

गिटार माजघरात खुंटीला पोत्यात टांगलेली होती. खाली काढताना बायको रंगुबाई म्हणाली, "बघून हात घाला. आत उंदराचं बाळंतपन झालेलं असंल." उंदीर नव्हता, पण तारा गंजून लालभडक झाल्या होत्या. एक तर हात लावताच तुटली आणि तिचं वेटोळं झालं. नव्या तारा घेणं आलं.

दुसऱ्या दिवशी आसारामचाच फोन आला.

"सूर्या, बाईंनी सांगितलं तू येतोय. तारा नव्या टाकनार असशील तर एक ऐक. पितळी टाकू नको. ब्रॉन्झच्या म्हनत्यात त्या. पिकअपमधे लोहचुंबक असतो, त्याला लोखंड आन् निकेल कळतं. पितळ कळत न्हाई. निकेलच्या टाक, इलेक्ट्रिकवाल्या."

सांगणं सरळ होतं, आणि खरंही. कितीतरी वर्षांनी माणूस आपण होऊन फोन करत होता. पण सूर्यभानच्या कानाला त्यात फक्त एवढंच ऐकू आलं, की एक खोकेवाला आपल्याला तारा शिकवतोय.

"तुला लोखंडच कळायचं," तो म्हणाला. "जलमभर तू दुसरं काय ऐकलंय?"

"बरं बाबा," म्हणून आसारामने फोन ठेवला.

सूर्यभान गिटार पाठीला बांधून नगरला गेला. वाद्यांच्या दुकानात चष्मेवाले मालक गल्ल्यावर बसले होते. भिंतीवर चकचकीत निळ्या-तांबड्या गिटारी टांगलेल्या. सूर्यभानने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मालकांनी नकळत एक गिटार सरळ केली.

"तारा दाखवा."

"अकूस्टिकच्या की इलेक्ट्रिकच्या?"

"मी काय गिरन चालवतो का?" सूर्यभानने गिटार पोत्यातून काढली. "ही बघा. लाकडाची हाय. पोकळ हाय. पोटातनं बोलती."

मालकांनी गिटार उलटसुलट केली आणि त्यांचं बोट पिकअपवर येऊन थांबलं. "काका, हिला दोन तोंडं आहेत. नुसतीच घरात वाजवणार असाल तर या पितळी ब्रॉन्झच्या न्या. आवाज मोकळा येईल, चमकदार येईल. पण वायर लावून वाजवणार असाल तर निकेलच्या घ्या. हातावर थोड्या मंद वाटतील, पण स्पीकरमधून सहाही तारा सारख्या येतील. मधलं पाहिजे असेल तर..."

पुढचं सूर्यभानने ऐकलंच नाही. आसाराम बोलला तेच हाही बोलतोय म्हटल्यावर त्याला संशय आला, की मिरजगावहून फोन गेला असावा. निकेलच्या पुडक्यावर गिटार हवेत उडवणाऱ्या एका लांबकेशी पोराचं चित्र होतं. ते चित्र बघून तर त्याच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

"म्हशीला घोड्याचा लगाम घालायचा आन् मग म्हनायचं, पळत का न्हाई!" तो म्हणाला. "पितळी द्या."

"बरं," मालक म्हणाले. गिऱ्हाईकाशी वाद घालून कुणाचं दुकान चाललंय?

घरी येऊन त्याने अंगणात घोंगडी टाकली. त्या गिटारीची, तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच पोटावर उभी असते. सगळ्या तारा एकदम सोडल्या की ती आडवी होते आणि मग सूर जागेवर यायला घाम निघतो. म्हणून एक जुनी काढायची, तिथे नवी ओढायची, मग दुसरी, असं करत त्याने सहाही चढवल्या. खालच्या सुराच्या चार पितळी वेष्टनाच्या, उन्हात सोन्यासारख्या. वरच्या सुराच्या दोन उघड्या पोलादी, केसासारख्या बारीक. सूर लावला आणि एक हात मारला.

अंगण भरून गेलं. गोठ्यातल्या गाईने मान वर केली. खालची जाड तार अशी घुमली की ओट्यावरचं ताट थरथरलं. सूर्यभानने डोळे मिटले. बोटं जाड झाली होती, जागा मात्र विसरली नव्हती. वाजवून झाल्यावर त्याने हळूच बायकोकडे पाहिलं.

"बरं वाजतंय," रंगुबाई म्हणाली. लग्न झाल्यापासून तिने दिलेली ही सगळ्यात मोठी शाबासकी होती.

"आन् त्यो म्हनतो निकेल टाक," सूर्यभान म्हणाला. तारा चांगल्या लागल्याच्या आनंदापेक्षा आसाराम खोटा पडल्याचा आनंद त्याला जास्त झाला होता, हे रंगुबाईने ओळखलं.

समारंभाच्या दिवशी दोघं मोटरसायकलवरून मिरजगावला गेले, मधे गिटार. मंगल कार्यालयात आसाराम आधीच मशीनमागे बसला होता. पांढरा शर्ट, गळ्यात हेडफोन. डोक्यावर केस उरले नव्हते. सूर्यभानला त्याची ढेरी बघून बरं वाटलं.

"वायर लाव, बघू आवाज," आसाराम म्हणाला.

सूर्यभानने वायर लावली आणि हात मारला. स्पीकरमधून वरच्या दोन तारा टोचणीसारख्या बाहेर आल्या. खालच्या चार, ज्यांनी काष्टीत अंगण भरलं होतं, त्या विहिरीच्या तळातून कुणीतरी कण्हल्यासारख्या आल्या.

आसारामने मान हलवली. "पितळीच टाकल्या."

"तुझं मशीन वाढव."

"वाढवून काय हुतंय? पितळाच्या आत पोलादाचा एक दोरा असतो, तेवढाच चुंबकाला घावतो. वरच्या दोन पुऱ्या पोलादी, त्या बोंबलनार. आन् लई वाढवलं तर तुझ्या गिटारीचं पोट पोकळ हाय, घुमायला लागंल." तो उठला. "माईक लावू का पुढं? पिकअप ऱ्हाऊ दे. माईकला पितळ चांगलं ऐकू येतं."

इथे गोष्ट मिटली असती. पण हॉलमध्ये खुर्च्या मांडणारी चार माणसं बघत होती, आणि सूर्यभानला वाटलं, माईक लावून घेतला तर निकेलचा शब्द खरा ठरला.

"माईक गानाऱ्यापुढं लावतात," तो म्हणाला. "मी गानार न्हाई. झुळूकमधे कधी लावला हुता का माईक?"

"झुळूकमधे तू नगरच्या त्या निकेलच्याच तारा टाकायचास, सूर्या. मीच आनून द्यायचो."

सूर्यभानला ते आठवत नव्हतं. किंवा आठवलं असेल, पण त्या क्षणी त्याने ते आठवू दिलं नाही. "तू तुझी खोकी सांभाळ," म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला.

मग भाषणं. प्रत्येक जण "मी जास्त वेळ घेणार नाही" असं म्हणून दुसऱ्याचा वेळही घेऊन गेला. एका वक्त्याने बाईंना समईची उपमा दिली, दुसऱ्याने मेणबत्तीची, तिसरा थेट दीपस्तंभावर गेला. शाली एवढ्या जमल्या की राजेश्वरीबाई त्यांच्याआड दिसेनाशा झाल्या. सूर्यभान रंगुबाईच्या कानात म्हणाला, "एवढ्या शालीत बाईला उनाळ्यात सर्दी हुईल." तोवर तो अगदी खुशीत होता.

शेवटी राजेश्वरी उठली. माईक हातात घेतला आणि म्हणाली, "बोलायचं सगळं इतरांनी बोलून झालंय. मी गाते."

गाण्याच्या आधी गिटारीचा तुकडा होता, खालच्या जाड तारांवर हळूहळू चढत जाणारा. तो संपला की बाईंनी सूर धरायचा. सूर्यभानने सुरुवात केली. त्याच्या कानाशी, पोटाशी, गिटार छान बोलत होती. समोर चारशे माणसांना मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. पहिल्या रांगेतले एक गुरुजी शेजाऱ्याला म्हणाले, "वायर तुटली वाटतं." ते स्टेजवर ऐकू आलं. सूर्यभानने जोर लावला. आसारामने तिकडून आवाज वाढवला. खालच्या तारा थोड्या उमटल्या आणि त्याच वेळी गिटारीचं पोकळ पोट घुमायला लागलं. हूऽऽ असा आवाज हॉलभर पसरला. बायकांनी कानांवर हात ठेवले. घाईने सूर्यभानचा हात वरच्या तारेवर गेला आणि ती मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी किंचाळली.

मागून हशा उठला.

तुकडा कुठे संपला हे राजेश्वरीला कळलंच नाही. तिने सूर धरला तो चुकीच्या जागी. दोन शब्द गाऊन ती थांबली. सूर्यभानकडे तिने पाहिलं नाही. हातातल्या माईककडे बघत ती नुसती उभी राहिली.

सूर्यभानच्या मनात पहिला विचार आला तो गिटार ठेवून निघून जाण्याचा. दुसरा विचार आसारामला काय बोलायचं याचा. शिवी चांगली सापडली होती, जिभेवर आलीही होती. तेवढ्यात आसारामच माईकचा स्टँड घेऊन स्टेजवर चढला. त्याने गिटारीची वायर उपटली. माईक वाकवून एका वेलांटीच्या भोकासमोर आणला, बोटाने टकटक करून बघितला आणि खाली उतरला. सूर्यभानच्या तोंडातली शिवी तशीच राहिली. ती टाकायला समोर कुणी नव्हतं.

राजेश्वरीने मान वळवून पूर्वीसारखी बोटाने मात्रा दिली. सूर्यभानने पुन्हा सुरुवात केली.

या वेळी खालची तार हॉलभर गेली, अंगणात गेली होती तशी. राजेश्वरी गायली. तिचा आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. वरची जागा आली तेव्हा ती चढलीच नाही, खालूनच वळसा घालून गेली. एरवी असं कुणी केलं असतं तर सूर्यभानने वर्षभर चघळलं असतं. त्या दिवशी त्याच्याही मनात काही आलं नाही. टाळ्या पडल्या, त्या बाईंसाठी होत्या.

पंगतीत राजेश्वरी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात जिलबीचं ताट होतं, पण ती वाढत नव्हती.

"दादा, आसारामदादांनी तुम्हाला तारांचं आधी सांगितलं होतं?"

"सांगितलं हुतं."

"मग?"

सूर्यभानला खोटं बोलता आलं असतं. "त्यानं सांगितलं म्हनूनच तर," तो म्हणाला.

"तुमचं भांडण काढायला तुम्हाला माझंच गाणं सापडलं?" तिचा आवाज चढला नाही. "नोकरीतला शेवटचा दिवस होता माझा. तुम्ही गाण्यासाठी आला नव्हता, दादा. त्यांना हिणवायला आला होता." तिने दोन जिलब्या त्याच्या ताटात ठेवल्या आणि पुढे गेली. सूर्यभानने त्या खाल्ल्या नाहीत, आणि टाकण्याचीही छाती झाली नाही. रंगुबाईने उचलून स्वतःच्या ताटात घेतल्या.

परतीच्या वाटेवर श्रीगोंदा मागे पडलं. तशी रंगुबाई पाठीमागून म्हणाली, "गाईला वैरन घालताना सुदिक आपन तिला काय चालतं ते बघतो."

"कळलं," सूर्यभान म्हणाला.

"न्हाई कळलं. कळलं असतं तर मिरजगावातनं असं तोंड चुकवून निघाला नसता."

सूर्यभानने मनाची समजूत घालायचा पुष्कळ प्रयत्न केला. हॉल वाईट होता, मशीन वाईट होतं, लोक गाढव होते. एरवी असली कारणं त्याला पुरायची. या खेपेला पुरेनात. शेवटी तो पुन्हा नगरला गेला. दुकानाच्या मालकांनी ओळखलं, पण विचारलं काहीच नाही, त्यामुळे सूर्यभानला उलट जास्त लागलं. एक सपाट वेष्टनाच्या आणि एक गोल वेष्टनाच्या निकेलच्या तारांचं, अशी दोन पुडकी घेऊन तो थेट मिरजगावला आसारामच्या गोदामात पोचला.

आसाराम एका उघड्या स्पीकरपुढे बसला होता. "वाट चुकला का?"

"तारा लावून बघायच्यात. तुझ्या मशीनवर."

"खोक्यावर?"

"व्हय. खोक्यावर."

आसारामने पान्हा खाली ठेवला. आणि इतकी वर्षं जे बोलला नव्हता ते बोलला. "सूर्या, झुळूक बसली तवा तू घरी गेलास. तुला कॅनॉलचं पानी हुतं, ऊस हुता. माझं रान कोरडं. दोन साल पाऊस न्हाई. ही खोकी घेतली नसती तर हातात कोयता घ्यावा लागला असता. आन् तोडला कुनाचा असता? तुझाच ऊस तोडला असता. मग तू बांधावर उभा ऱ्हाऊन मला काय म्हनाला असतास?"

उसाच्या हंगामात दरवर्षी पूर्वेकडच्या गावांतून सूर्यभानकडे ऊसतोड्यांची टोळी यायची, खोपी घालायची, त्याच्या बांधावरून मोळ्या वाहायची. त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्याला माहीत नव्हतं. तो गिटारीच्या पोत्याची गाठ सोडत राहिला. गाठ सुटेना.

"दे इकडं," आसाराम म्हणाला, आणि दातांनी सोडली.

मग दोघांनी तारा बदलल्या. आधी सपाट वेष्टनाच्या लावल्या, बोटाखाली रेशमासारख्या. सूर मऊ आला, गोलही आला. सूर्यभान म्हणाला, "ओल्या गोधडीत गुंडाळल्यावानी वाजतंय." आसाराम म्हणाला, "जुन्या गान्याला बरं हाय." "मेलेल्याला बरं हाय," सूर्यभान म्हणाला. त्या उतरल्या. मग निकेलच्या, गोल वेष्टनाच्या, जरा जाड बघून. वायर न लावता वाजवल्या तेव्हा सूर्यभानचं तोंड उतरलं. पितळाची चमक गेली होती. पण वायर लावली आणि सहाही तारा एका रांगेत उभ्या राहिल्या, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. फक्त दुसरी तार अजून जराशी बोंबलत होती. आसारामने पिकअपवरचा तिच्याखालचा स्क्रू थोडा खाली फिरवला, तीही गप्प झाली.

"ह्याच ठेव," आसाराम म्हणाला.

"घरी वाजवायला मंद हायेत."

"मग घरी वाजवू नको. लोकांत वाजव."

सूर्यभानने तुच्छतेने नाक मुरडलं. तारा मात्र त्याच ठेवल्या. निघताना म्हणाला, "येतो, आसाराम." आसारामने स्पीकरमधून डोकं काढून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा आत घातलं.

राजेश्वरीला त्याने फोन केला. "ताई, तारा बदलल्या." ती म्हणाली, "बरं केलंत," आणि घरी पाहुणे आहेत म्हणून फोन ठेवला. पुढे बरेच दिवस काही नाही. सूर्यभानला वाटलं, संपलं. रंगुबाईला वाटलं, बरी अद्दल घडली.

मिरजगावच्या महिला मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गाण्यांचा कार्यक्रम ठरवला, तेव्हा राजेश्वरीचा फोन आला. "दादा, येताय का? मंडळातल्या सगळ्या हौशी आहेत, आधीच सांगते. दोघी तालात नाहीत आणि एक सुरात नाही."

"हळदीकुंकवात गिटार! पुढं काय, बारशाला रणगाडा?" सूर्यभान म्हणाला. मग थांबून विचारलं, "किती वाजता यायचं?"

कार्यक्रम शाळेच्या पटांगणात झाला. साउंड आसारामचाच. बाईंनी जे सांगितलं होतं त्याहून बायका वाईट गायल्या. तालात नसलेल्या दोघी मध्येच भांडल्याही. सूर्यभान शेवटपर्यंत बसून वाजवत राहिला, आणि त्याच्या सहाही तारा मागच्या कुंपणापर्यंत ऐकू आल्या. उतरताना राजेश्वरीने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्याने तो तोंडात टाकला, चावून बघितला आणि म्हणाला, "गूळ कुठला वापरता हो ताई? दाताला चिकटतोय."